पाळीच्या वस्तूंची गुपचूप पाकिटं: बायकांची सोय झाली की नुकसान?

रानजाई:
सध्या पॅड आणि टॅम्पॉनच्या (योनीत आत ठेवायचा शोषक बोळा) पाकिटांचा इतिहास वाचतेय आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढला. माझं मत आधीच सांगते. ही पाकिटं शंभर वर्षं मुद्दाम गप्प ठेवली गेली, आणि वस्तू लपवता लपवता त्या वस्तूत काय घातलंय हेही लपून गेलं. भुर्दंड बायकांनी भरला.

सुरुवातीपासून बघा. जॉन्सन अँड जॉन्सनने १८९० च्या दशकात लिस्टर्स टॉवेल्स नावाने तयार पॅड काढले, पण उघड जाहिरात करायची सोय नव्हती त्यामुळे ते काही चालले नाहीत. मग पहिलं महायुद्ध आलं. किंबर्ली-क्लार्क कंपनी लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन बनवून जखमांच्या ड्रेसिंगसाठी पुरवत होती, ते कापसापेक्षा जास्त शोषायचं आणि स्वस्तही पडायचं, नर्सेसनी तेच पाळीसाठी वापरायला घेतलं, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं या विचारातून १९२० मध्ये कोटेक्स नावाचे पॅड बाजारात आले. अडचण पुढेच होती. काउंटरमागे पुरुष, त्याच्याकडे मागायचं कसं? म्हणून काही दुकानांत खोके काउंटरवरच रचून ठेवायचे आणि शेजारी पैसे टाकायला एक डबा, म्हणजे बोलायचं कामच नाही. १९२८ मध्ये मोडेस या पॅडच्या ब्रँडने तर मासिकातल्या जाहिरातीतच कूपन छापलं. ते कात्रीने कापायचं, दुकानात नेऊन विक्रेत्याच्या हातात द्यायचं, खोका घ्यायचा आणि निघायचं. तोंडातून शब्द काढायची गरज नाही!

मला हे कूपन बघून वाईट वाटलं आणि रागही आला.

ठाम_मत:
राग कशाला? मला ते कूपन भारी वाटलं. त्या बाईच्या जागी उभं राहून बघा ना. तिला आज पॅड हवंय, समाज कधी सुधारेल याची वाट बघायला तिला वेळ नाही. लाज कंपनीने तयार केली नाही, ती आधीपासून होतीच. कूपनने एवढंच केलं की लाज असूनही वस्तू घरी आली.

आणि हे बायकांनीच मागितलं होतं बरं का. लिलियन गिलब्रेथ नावाच्या इंजिनिअर बाई होत्या, त्यांनी १९२६ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनसाठी हजाराहून जास्त बायकांना प्रश्नावली पाठवून विचारलं की नक्की काय अडतंय. उत्तरं आली, पॅड फार मोठे, ताठ, कपड्यातून दिसतात, कित्येक जणी विकत आणलेला पॅड कापून आपल्या मापाचा करून घेत होत्या. आणि खोका असा हवा की बघणाऱ्याला कळू नये. आता हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. आपण शंभर वर्षांनी येऊन त्यांना सांगायचं का की तुमची मागणीच चुकीची होती?

वाचनवेडी:
मी रानजाईच्या बाजूने. पाकीटच काय, सगळीच गप्प बसवायची व्यवस्था होती. अमेरिकेत १९७२ पर्यंत टीव्हीवर पॅडची जाहिरातच चालत नव्हती. नंतर सुरू झाली तरी पाळीला सरळ पाळी म्हणणारी जाहिरात यायला १९८५ उजाडलं. आणि जाहिरातीत रक्ताऐवजी दाखवतात तो निळा द्रव तर सगळ्यांनीच बघितलाय. ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने लाल रंग दाखवला तो थेट २०१७ मध्ये.

निळीशाई:
माझं काम पॅकेजिंगचं आहे त्यामुळे थोडं वेगळं दिसतं. सगळं वेष्टण लाजेपोटी आलंय असं नाहीये. आधी पॅड कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे, १९७० च्या आसपास चिकटपट्टीवाले आले, मग गोंदावर सोलून काढायचा कागद आला, मग सुटा पॅड पर्समध्ये स्वच्छ राहावा म्हणून प्रत्येकाला वेगळं पाकीट, आणि वापरलेला गुंडाळून टाकायलाही तेच. ही सगळी कामाची गोष्ट आहे. हां, ‘उघडताना आवाज होत नाही’ अशी जाहिरात करून विकतात तेव्हा ती सोय स्वच्छतेची राहत नाही, शेजारच्या टॉयलेटमधल्या बाईला कळू नये याची होते, तिथे रानजाईंशी सहमत.

पण मूळ मुद्दा पटला नाही. औषधांचे खोकेही साधेच असतात की, तरी आत काय आहे, किती आहे, सगळं छापलेलं असतं. कारण तसा नियम आहे. गप्प खोका आणि माहिती नसलेला खोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही त्यांची गाठ मारताय.

रानजाई:
@निळीशाई, गाठ मी मारत नाहीये, ती इतिहासातच आहे. रिलाय टॅम्पॉनचं प्रकरण बघा.

प्रॉक्टर अँड गॅम्बलचा हा टॅम्पॉन, आत कापूस नव्हताच, पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (ओल शोषून फुगणारा पदार्थ). शोषण जबरदस्त. नमुने घरोघरी पोस्टाने पाठवले होते. आणि मग टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या केसेस यायला लागल्या. स्टॅफ नावाच्या जिवाणूंचं विष रक्तात जातं, एकदम ताप चढतो, ब्लड प्रेशर पडतं, पुरळ येतं. १९८० या एका वर्षात अमेरिकेत पाळीशी संबंधित ८०० च्या वर केसेस आणि ३८ मृत्यू नोंदले गेले. सप्टेंबरमध्ये कंपनीने रिलाय मागे घेतला. पण धोका एका ब्रँडपुरता नव्हता, जितकं शोषण जास्त तितका धोका जास्त असं दिसत होतं. मग बायकांना सांगितलं गेलं, गरजेपुरतंच शोषणारा टॅम्पॉन वापरा.

पण कमी शोषणारा ओळखायचा कसा?? खोक्यावर ‘रेग्युलर’, ‘सुपर’ असं लिहिलेलं असायचं पण ते प्रत्येक कंपनीचं आपापलं. एकीचा रेग्युलर दुसरीच्या सुपरपेक्षा जास्त शोषायचा! म्हणजे जी बाई काळजी घेऊन रेग्युलर उचलतेय तीच जास्त धोक्याचा घरी नेतेय.

तुम्ही म्हणाल नियम करायचा. केला ना, पण कधी? धोक्याची सूचना १९८२ मध्ये सक्तीची झाली, पण शोषणाचे आकडे सगळ्यांना सारखे करायला १९९० लागलं. मधे कंपन्या आणि ग्राहकगट एका समितीत बसले होते, एकमत झालं नाही. आता रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम द्रव शोषणारा, सुपर ९ ते १२, सुपर प्लस १२ ते १५. एवढी साधी चार ओळींची गोष्ट छापायला माणसं मेल्यावरही दहा वर्षं लागतात, तेव्हा मला नाही वाटत तो निव्वळ कागदपत्रांचा उशीर होता. ज्या वस्तूबद्दल बोलणंच असभ्य, तिच्याबद्दल जाब कोण आणि कुठे विचारणार?

निळीशाई:
उशीर झाला हे मान्यच आहे. पण तो कंपन्यांच्या विरोधामुळे झाला, खोक्याच्या डिझाइनमुळे नाही. गाड्यांच्या सीटबेल्टलाही कंपन्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तिथे कुठे कुणाला बोलायची लाज होती?

बाकी ते ग्रॅम कसे मोजतात हे माहिती आहे का? काचेच्या नळीत एक कंडोम ताणून बसवतात, बाहेरून पाण्याचा दाब देतात, त्यात टॅम्पॉन ठेवतात आणि वरून लाल रंग घातलेलं मीठपाणी हळूहळू सोडतात, तासाला ५० मिलि. खालून पहिला थेंब गळला की थांबायचं आणि टॅम्पॉनचं वजन करायचं. सगळ्यांना एकच पद्धत, त्यामुळे निदान तुलना तरी करता येते.

वाचनवेडी:
हेच तर! मीठपाणी! रक्त त्याच्याहून दाट असतं. खरं रक्त (रक्तपेढीतलं, मुदत संपलेलं) वापरून पॅड, टॅम्पॉन, कप आणि डिस्क (रक्त शोषण्याऐवजी साठवायला योनीत ठेवायची पेला आणि वाटीसारखी साधनं), पिरियड पँटी (शोषणारी चड्डी) अशी सगळ्यांची तुलना २०२३ मध्ये छापून आली, डिस्कमध्ये सगळ्यात जास्त मावलं आणि पिरियड पँटीत सगळ्यात कमी. आता डॉक्टर विचारतात ‘दिवसाला किती पॅड लागतात’ आणि त्यावरून रक्तस्राव जास्त आहे का ते ठरवतात. पॅडचीच क्षमता नीट माहिती नसेल तर त्या उत्तराचा काय उपयोग? मला हा प्रश्न पाकिटाच्या रंगापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

ठाम_मत:
माहितीबद्दल माझा वाद नाहीच. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये घटक छापायचा कायदा केला, चांगलं केलं. युरोपात २०२१ पासून पॅड-टॅम्पॉनच्या पाकिटावर आत प्लास्टिक असल्याची खूण सक्तीची आहे, कासवाचं चित्र असतं बघा, तेही चांगलं. २०२४ मध्ये टॅम्पॉनमध्ये शिसं आणि आर्सेनिकसह बरेच धातू सापडल्याचा अभ्यास आला, ते शरीरात शोषले जातात का ते वेगळं तपासायला लागेल, पण तपासा आणि सांगा.

माझं म्हणणं वेगळं आहे. लपवायचं नाही म्हणून आता मिरवायलाच पाहिजे, ही सक्तीही मला नको. यू बाय कोटेक्सने २०१० मध्ये काळा खोका आणि आत भडक रंगीत पाकिटं काढली, ज्यांना आवडली त्यांनी घेतली. ऑलवेज या पॅडच्या ब्रँडने २०१९ मध्ये वेष्टणावरचं स्त्रीचं चिन्ह काढलं तेव्हा केवढा गदारोळ. पण पाळी येणाऱ्या सगळ्यांनाच ते चिन्ह आपलं वाटत नाही, आणि नुकती पाळी सुरू झालेल्या मुलीला पर्समधलं पाकीट वर्गात दिसू नये वाटलं तर ती मागासलेली ठरत नाही. आपलं शरीर कुणाला किती कळू द्यायचं हे तिचं तिने ठरवावं.

रानजाई:
तिने ठरवावं हे एकदम मान्य. पण कूपनवाल्या बाईने ते ठरवलं होतं असं मला वाटत नाही, तिच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. इथे आपलं जुळणार नाही बहुतेक.

पाऊलवाट:
उशिरा आले, पण कपचं कोणीच बोललं नाही? कप काही नवा नाही, लिओना चाल्मर्स यांनी १९३७ मध्येच पेटंट घेतलं होतं, रबराचा होता. आता सिलिकॉनचे येतात आणि पाकिटं तर इतकी मोकळीढाकळी, फुलं, रंग, सगळं खुल्लमखुल्ला. पण ‘स्मॉल’ आणि ‘लार्ज’ प्रत्येक कंपनीचं अजूनही वेगळं! एकीचा स्मॉल दुसरीच्या लार्जएवढा निघू शकतो. मिलिमध्ये किती मावतं, लांबी किती, काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी शोधूनही सापडत नाही. मग पाकीट बोलकं झालं तरी माहिती आलीच नाही ना? रानजाई, तुमच्या मांडणीत हे कुठे बसवायचं?

रानजाई:
चांगला प्रश्न आहे, आणि निळीशाईंच्या बाजूला जाणारा आहे. तरी माझं उत्तर हे की रिलायच्या वेळी विचारायला तोंड उघडणंच अवघड होतं, आता तुम्ही इथे लांबी आणि मिलि विचारताय. कपच्या मापांसाठी वेगळा धागा काढा, मी येते तिकडे, कोणत्या पाकिटावर काय छापलंय ते एकत्र करून कंपन्यांना मेल टाकू.