'कन्यादान' कोणी करायचं?

तिसरी_घंटा: "दलित पात्रं आता दलितांनीच लिहावीत, 'कन्यादान' कपाटात ठेवा" ही कालची पोस्ट वाचून गप्प बसणार होतो, राहवलं नाही. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९८३चं. त्यातला दलित अरुण आठवले बायकोला, ज्योतीला मारतो एवढंच दिसलं का? ज्योतीचा बाप, समाजवादी आमदार नाथ देवळालीकर मुलीचे हाल होऊ नयेत म्हणून जावयाच्या आत्मचरित्रावर खोटं गोडगोड भाषण ठोकतो, ते? नाटक त्याच्या भाबडेपणावर आहे. लेखकाचं कूळ बघायचं तर १९८१ची 'मित्राची गोष्ट' पण जाळा. त्यातली समलिंगी सुमित्रा पुरुषानेच लिहिली.

सावली: भाबडेपणावर आहे, मान्य. बारावीत असताना बाबांबरोबर पाहिलं होतं. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या काकू नवऱ्याला म्हणाल्या, "असल्यांना घरात घेतं का कुणी?" बाबांनी हातातला वडा कागदात परत गुंडाळला आणि आम्ही निघालो. काकूंना नाथचा भाबडेपणा नाही दिसला.

तिसरी_घंटा: काकूंचं पाप तेंडुलकरांच्या माथी का? याच नाटकासाठी त्यांना १९९३चा सरस्वती सन्मान मिळाला आणि याच नाटकापायी अंगावर चप्पलही आली. सन्मान घेताना त्यांनी स्वतःच ते सांगितलं.

सावली: सन्मान त्यांचा, चप्पल त्यांची. आमच्या वाट्याला काकू.

थेम्सकाठचा: 'आतल्या माणसाने लिहिलं की प्रश्न मिटला' हेही खरं नाही. 'स्लेव्ह प्ले' या अमेरिकन नाटकाचा लेखक जेरेमी ओ. हॅरिस स्वतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी. गुलामांच्या मळ्यावरचे कामुक प्रसंग दाखवतो, मग कळतं की ती आजच्या मिश्रवर्णी जोडप्यांची थेरपी चाललीय. तरी नाटक बंद करा म्हणून ऑनलाइन याचिका निघालीच. २०२४ला लंडनमध्ये दोन प्रयोग कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी ठेवले, तर थेट ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांच्या कार्यालयाने नाक मुरडलं.

पुणेरी_पंच: म्हणजे नाट्यगृहातही आरक्षण! आता हेच बाकी होतं.

सावली: आलात ना मूळ पदावर? आपल्याकडे तिकीटविक्रीचा प्लॅन उघडायच्या आधीच पुढच्या चार रांगा ओळखीवर जातात, ते काय असतं?

पुणेरी_पंच: त्याचा जातीशी काय संबंध? उगाच प्रत्येक गोष्टीत...

खिडकीवरचा: संबंध राहू द्या, रांगांचं शंभर टक्के खरं आहे. सकाळी आठला खिडकीवर पहिला उभा होतो. मिळालं काय, तर बाल्कनी, तीही खांबाआड. प्रयोगाला बघतो तर दुसऱ्या रांगेत सहा खुर्च्या रिकाम्या. कुणाच्या तरी साहेबांना वेळ झाला नव्हता.

पुणेरी_पंच: हे मात्र सगळीकडे. आमच्याकडे तर नगरसेवकाचा पुतण्या मध्यंतरानंतर येतो आणि आपल्याला उठवतो.

तिसरी_घंटा: धागा 'कन्यादान'वर आहे! रांगांचं रडगाणं दुसरीकडे गा.

विंगेतली: मग नाटकाचंच सांगते. कॉलेजात मी ज्योती केली होती. अरुण झालेला मुलगा गोरा, म्हणून सरांनी त्याच्या मानेपर्यंत काळपट फाउंडेशन थापलं. घामाने ते माझ्या साडीवर उतरायचं. लाइट्सवर दलित वस्तीतला एक मुलगा होता, अख्ख्या टीममध्ये पाठांतर सगळ्यात पक्कं त्याचं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

सावली: हेच. अरुणचे आईबाप स्टेजवर एकदाही येत नाहीत. सगळा निवाडा देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. नाटक बंद करा म्हणत नाही मी. पण तालमीत हे बोलायला तरी कुणीतरी हवं ना?

तिसरी_घंटा: बरं बाई, फाउंडेशन नको. तालमीला वाट्टेल त्याला बसवा. पण संहितेतली एक ओळ हलवाल तर याद राखा.

सावली: केवढे हे उपकार.

पुणेरी_पंच: आणि राखीव प्रयोग?

थेम्सकाठचा: अहो, दोन. अख्ख्या मुक्कामात दोन! बाकीचे सगळे तुमचेच होते की.

खिडकीवरचा: ऑनलाइन बुकिंगमध्येही त्या चार रांगा करड्याच दिसतात, त्याचं कोणी बोलणार आहे का?