एअरगनला गॅस स्प्रिंग बसवली तर ताकद खरंच वाढते का?

छर्रा_१७७:
नमस्कार मंडळी. .१७७ ची (म्हणजे नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच), नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअरगन आहे. सिलिंडरचा आतला व्यास २५ मि.मी., पिस्टनचा स्ट्रोक ८० मि.मी. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍यावर क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) सरासरी १९४ मीटर प्रति सेकंद दाखवतो, म्हणजे साधारण १० ज्यूल. दहा शॉटांत वेग १८४ ते २०१ असा वरखाली होतो. २५-३० मीटरवर कागदी टार्गेट मारायचं आहे. बाजारात १००, १२०, १४० बार दाबाच्या गॅस स्प्रिंगा (लोखंडी स्प्रिंगऐवजी बसणाऱ्या, दाबलेला गॅस भरलेल्या नळकांड्या) मिळतात. कोणती घ्यावी, बसवताना काय सांभाळावं आणि परवान्याची भानगड होईल का?

लेथमास्तर:
दादा, तुमचा खरा आजार त्या १८४ ते २०१ मध्ये आहे. स्प्रिंग नुसती थकली असती तर सगळेच शॉट सारखे मंद गेले असते. एवढी वरखाली दिसली की आधी गळती शोधा. नळी बंद केल्यावर ब्रीचच्या (नळीचं मागचं तोंड सिलिंडरला टेकतं त्या जागेच्या) फटीवर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा आणि छर्रा भरून सुरक्षित दिशेला शॉट मारा. पट्टी उडाली तर ब्रीचचं सील गेलं. ते बदलूनही फरक पडला नाही तर पिस्टनचं सील बघा. त्याच्या कडेला कॉकिंगच्या (नळी मोडून पिस्टन मागे अडकवण्याच्या) खाचेनं चिरा पाडलेल्या असतात. नळीच्या पिव्हटला आडवा खेळ आहे का आणि नळी अडकवणारा खटका घट्ट बसतो का, हेही हातासरशी पाहून घ्या. खटका ढिला असेल तर जोर वाढवल्यावर शॉटच्या क्षणी नळी केसभर उघडते आणि वाढलेली हवा तिथूनच निघून जाते.

दुसरी गोष्ट खरेदीच्या आधीची. पिस्टन कशाला अडकतो ते बघा. काही बंदुकांत पिस्टनच्या मधोमध दांडा असतो आणि ट्रिगर त्या दांड्याला धरतो. त्यात साधी गॅस स्प्रिंग बसतच नाही, कारण तिची जागा दांड्यानं घेतलेली असते. पिस्टनसकट पूर्ण किट घ्यावं लागतं. ट्रिगर पिस्टनच्या मागच्या काठावरच्या खाचेला धरत असेल तर आतली पोकळी मोकळी असते आणि काम सोपं होतं.

ज्यूलभर:
बारचा आकडा पाहून स्प्रिंग घेऊ नका. जोर म्हणजे दाब गुणिले रॉडचं, म्हणजे गॅस स्प्रिंगमधून बाहेर येणाऱ्या सळईचं, क्षेत्रफळ. ८ मि.मी. रॉडला १०० बार म्हणजे सुमारे ५०० न्यूटन, १० मि.मी. रॉडला त्याच १०० बारला सुमारे ७८५. दोन्हींवर '१०० बार'च लिहिलेलं असतं, फरक मात्र दीडपटीहून जास्त.

आता हिशेब मांडू. ८ मि.मी. रॉड दाबत नेताना जोर ५०० वरून समजा ६५० पर्यंत चढला, तर सरासरी ५७५ न्यूटन. गुणिले ०.०८ मीटर म्हणजे ४६ ज्यूल साठले. स्प्रिंगच्या बंदुकीत त्यातला जेमतेम ३० टक्के छर्‍यापर्यंत पोचतो, म्हणजे १३-१४ ज्यूल, वेग २२८ च्या आसपास. तुमच्या कामाला हे भरपूर आहे. १० मि.मी. रॉड घेतला तर कागदावर २१ ज्यूलच्या वर जातं. २५ गुणिले ८० च्या सिलिंडरात हवाच मुळी ३९ घनसेंटिमीटर. एवढ्याशा हवेवर तेवढा जोर टाकला की पिस्टन पुढे आपटतो किंवा हवेच्या गादीवरून उसळी खाऊन मागे येतो. वेग फारसा वाढत नाही, सील मात्र फाटतं आणि स्कोपची वाट लागते.

परवान्याचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला सूट आहे. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला २० ज्यूल म्हणजे २७५ मीटर प्रति सेकंद. हद्दीला चिकटून राहू नका, १६ ज्यूलवर, म्हणजे २४६ च्या आसपास, हात आखडा. हलके-जड दोन-तीन प्रकारचे छर्रे मोजा आणि सगळ्यांत जास्त येणारा ज्यूलचा आकडा धरा. विकत घेताना वेगळी आणि बदल केल्यावर वेगळी, अशी सवलत कायद्यात नाही.

छर्रा_१७७:
ब्रीचचं सील खरंच गेलं होतं. बदलल्यावर सरासरी २०४, वरखाली फक्त ६. पिस्टन काठावरच्या खाचेलाच अडकतो, म्हणजे जागा आहे. ८ मि.मी. रॉडची घेतो. एक शंका: गाडीच्या डिकीचा गॅस शॉक भंगारात स्वस्त मिळतो. तो कापून बसवता येईल का?

लेथमास्तर:
अजिबात नको. डिकीच्या शॉकमध्ये तेल आणि बारीक भोक असतं ते दार हळू उघडावं म्हणून. पिस्टनला तो तसाच हळू ढकलेल. आणि आत दाबानं भरलेला नायट्रोजन असतो. कापणं, भोक पाडणं, तापवणं यातलं काहीही केलंत तर हात जाईल.

बसवताना आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, लाकडी दस्ता काढा. सुताराचा लांब शिकंजा लांबीच्या दिशेनं लावून मागचा ठोकळा किंचित दाबा. पिनेवरचा भार उतरला की पितळी पंचानं ती बाहेर काढा आणि शिकंजा हळूहळू सैल करा. जुनी लोखंडी स्प्रिंग सहा-आठ सेंटिमीटर दाबलेली असते, तेव्हा तोंड कधीही तिच्या रेषेत नको. कॉकिंगचा दुवा सोडवला की पिस्टन बाहेर येतो. खाचेच्या कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, नाहीतर नवं सील आत सरकवतानाच कापलं जाईल.

लांबी अचूक मोजा, इथेच बहुतेकांचं चुकतं. पिस्टन पूर्ण पुढे असताना त्याच्या आतल्या तळापासून मागच्या ठोकळ्यापर्यंत जेवढं अंतर, त्यापेक्षा गॅस स्प्रिंग ३ ते ५ मि.मी. लांब हवी. कमी पडली तर लेथवर स्टीलचा स्पेसर करून घ्या. कॉक केल्यावरही रॉडची निदान ५ मि.मी. चाल शिल्लक राहिली पाहिजे. ती संपली तर ट्रिगर अडकण्याआधीच रॉड तळाला टेकतो आणि तुम्ही नळीवर जोर लावत बसता. मग दुवा वाकतो. रॉडचं टोक ज्या जागी टेकतं तिथे कठीण केलेली चकती ठेवा. नरम पिस्टनला रॉड खड्डा पाडतो आणि तिरका होतो. रॉडला चिमट्यानं धरू नका, एक ओरखडा गॅस सोडायला पुरतो.

मोली ग्रीस (मॉलिब्डेनमवालं) पिस्टनच्या पुढच्या-मागच्या पट्ट्यावर बोटाचा ठसा उमटेल इतकंच. सीलच्या समोर काही नाही. तिथे तेल गेलं की दाबानं ते पेटतं, धूर आणि जळका वास येतो, क्रोनोग्राफ खोटा मोठा आकडा दाखवतो. पहिले ३०-४० शॉट थोडाफार वास येईल, तेवढे आकडे धरू नका.

रानवाट:
दोन भर. गॅस स्प्रिंगची नळी पहिल्या इंचापासूनच जड लागते, लोखंडीसारखी हळूहळू चढत नाही. छर्रा भरताना नळी डाव्या हातानं घट्ट धरूनच ठेवा. ट्रिगरच्या दातावरचा भार वाढलेला असतो, दात झिजलेला असेल तर सुटलेली नळी बोटं चिरडते. ट्रिगरला हात न लावता, कॉक करून नळी हातात धरून दस्त्यावर रबरी हातोडीनं टकटक करून पाहा. एकदा जरी सुटली तर ती बंदूक वापरायची नाही, ट्रिगरचा संच बदलायचा.

आणि थंडी-उन्हाचा गॅसवर परिणाम होत नाही ही समजूत सोडा. १५ अंशांवरून ४० वर गेलं की आतला दाब सुमारे ८-९ टक्के वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी शून्य केलेला (नेम जुळवून घेतलेला) स्कोप दुपारी वर मारेल. २० ज्यूलची मोजणीसुद्धा भर दुपारीच करा.