स्वच्छ हवा हा कुठल्या पक्षाचा मुद्दा?

रानवारा
पर्यावरणाचा विषय काढला की समोरचा आधी विचारतो, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" याची मला चीड येते. २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले काही रक्तात उतरतात आणि हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढवतात. यात डावं-उजवं काय? डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुरक्यानं लंडन पाच दिवस कोंडलं, हजारो माणसं दगावली. ब्रिटनचा १९५६ चा स्वच्छ हवा कायदा उजव्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या राजवटीत झाला. अमेरिकेच्या १९७० च्या अशाच कायद्यावर सही उजव्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष निक्सन यांची. आजारपण म्हणून विषय मांडला की विरोधकही ऐकतात.

हिशेबी
अजिबात पटलं नाही. लंडनचं सरकार आधी चालढकलच करत होतं. एका खासदारानं खासगी विधेयक आणलं तेव्हा कुठे हललं. शिवाय निर्बंधांपायी कारखाना बंद पडला तर पगार कुणाचा जातो? बेकारीनंही माणूस आजारी पडतो. भुर्दंड कुणी सोसायचा हे ठरवणं म्हणजेच राजकारण, ते टाळता येत नाही.

रानवारा
ते खासदार, जेराल्ड नबॅरो, सत्ताधारी पक्षाचेच होते! आपल्याच सरकारला त्यांनी भाग पाडलं. मला हेच हवंय. आणि भुर्दंडाचं म्हणाल, तर त्याच कायद्यात घरातली शेगडी बदलायच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून द्यायची सोय होती. गरिबाच्या माथी सगळं मारलं नाही.

उंबरठा
मी दोघांशीही भांडणार आहे. धूर निदान दिसत होता. पेट्रोलमधलं शिसं दिसत नव्हतं. मुलांच्या मेंदूला ते घातक आहे हे कळूनही १९२० च्या दशकात सुरू झालेली ती भेसळ गाड्यांच्या पेट्रोलमधून जगभरात बंद व्हायला २०२१ उजाडलं. अल्जीरिया शेवटचा देश. सगळ्यांचा प्रश्न म्हटलं की जाब कुणालाच विचारता येत नाही. एखाद्या पक्षानं हा मुद्दा उचलून निवडणूक लढवलेलीच बरी.

रानवारा
एकानंच का? जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे: या बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत. तिथवर कसं आणि किती वर्षांत पोहोचणार, हे प्रत्येक जाहीरनाम्यात असावं. मग खुशाल भांडा.

हिशेबी
चालेल. पण त्याच पानावर काम गेलेल्या कामगाराच्या नव्या रोजगाराची तरतूद हवी, रकमेसकट. ती नसेल तर माझं मत विरोधातच.