‘ए’चं पान, ‘बी फ्लॅट’चं वाद्य: डोक्यात फिरवायचं की लिहून घ्यायचं?

नौपाड्याचा_फुंक्या
दर शनिवारी आम्ही पाच जण नौपाड्यात एकाच्या हॉलमध्ये जमतो. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि माझं क्लॅरिनेट. सध्या मोत्सार्टचं क्लॅरिनेट पंचक (रचना क्रमांक के. ५८१, साल १७८९) घेतलंय. ते ‘ए’ क्लॅरिनेटसाठी आहे, माझ्याकडे ‘बी फ्लॅट’. पहिल्या शनिवारी पानावर होतं तसंच वाजवलं. चौघांच्या बरोब्बर अर्धा स्वर वर! चेलोवाल्या काकूंनी बो खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "चहा टाकू का?"

पेटीवाल्यांसाठी सांगतो. पानावरचा सी वाजवला की माझ्या वाद्यातून काळी पाच निघते, ‘ए’मधून पांढरी सहा. म्हणून ‘ए’चं पान मला अर्धा स्वर उतरवून, म्हणजे ‘फिरवून’ वाजवावं लागतं.

माझं मत: संगणकावर पान फिरवून छापून घेणं ही कुबडी आहे. वाजवता वाजवता फिरवायला शिकलंच पाहिजे. एक युक्ती सांगतो. पानावर एक किंवा जास्त शार्प (अर्धा स्वर चढवणारी खूण; उतरवणारी ती फ्लॅट, मूळ स्वर ठेवणारी नॅचरल) असतील तर स्वराची रेघ बदलायचीच नाही, फक्त चिन्हं बदलायची. जी मेजर (१ शार्पची पट्टी) दिसला की जी फ्लॅट (६ फ्लॅट) समजायचं, डी मेजरला डी फ्लॅट. मध्येच आलेला शार्प नॅचरल होतो, नॅचरल फ्लॅट होतो. डोळा जागेवर, बोटं अर्धा स्वर खाली. महिनाभर रोज अर्धा तास द्या, अंगवळणी पडतं.

ऐरोलीकर_रीड
कुबडी? चष्मा लावणाऱ्याला तुम्ही लंगडा म्हणता का?

आणि साहेब, तुमची युक्ती तुमच्याच पानाला लागू नाही. के. ५८१चा पहिला भाग ‘ए’च्या पानावर सी मेजरमध्ये आहे, लार्घेटो हा संथ दुसरा भाग एफमध्ये. शार्प कुठेय? ‘बी फ्लॅट’वर पहिला होतो बी मेजर (५ शार्प), दुसरा ई मेजर (४ शार्प). दोन्हीकडे एकेक पायरी उतरणं आलंच.

मी सगळा भाग म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला. दोन रविवार गेले. वाद्य बदलणं हा एका क्लिकचा खेळ, पण भरताना प्रत्येक स्वर नजरेखालून गेला. मग छापलेल्या पानावर पेन्सिलने करंगळ्या लिहिल्या. बी, सी शार्प, डी शार्प सलग आले की उजवी, डावी, उजवी. कारण चाव्यांच्या साध्या बोएम रचनेच्या वाद्यावर त्या डी शार्पची चावी फक्त उजव्या करंगळीला मिळते. पहिल्या बीला डावी करंगळी टाकलीत तर तिसऱ्या स्वरापर्यंत उजवी अडकते आणि करंगळी चावीवरून घसरवावी लागते. सुरांची गणितं करत वाजवणाऱ्याला हे आधी कुठून सुचणार? व्हायोलिन काय करतंय ते कधी ऐकणार?

घोडबंदरचा_प्रवासी
पाच शार्पचा बी मेजर म्हणजे आमचा घोडबंदर रोड. कितीही लवकर निघा.

कळव्याचा_बँडवाला
तुमचा वाद वाचून हसू आलं, राग मानू नका. लग्नसराईत आम्ही पान बघतो कुठे? गाणारा म्हणतो "काळी एक". पेटीची काळी एक म्हणजे माझ्या बी फ्लॅटवर काळी दोन. त्याची पांढरी चार म्हणजे माझी पांढरी पाच. हे पाढ्यासारखं पाठ. एकदा सा धरला की पुढे सारेगम. वडील म्हणायचे, स्वराचं नाव विसर, सा पासून किती लांब ते बघ. तुम्ही एकेका स्वराची बदली करता, आम्ही अख्खं बिऱ्हाडच हलवतो.

एवढी वर्षं वाजवतोय, पाच शार्प मोजायची वेळ आली नाही. बोटं मात्र सगळ्या पट्ट्यांतून फिरवलेली पाहिजेत. अलंकार बारा पट्ट्यांत घोटा, मग कुठलं का पान असेना.

नौपाड्याचा_फुंक्या
दादा, तुमचं पटतं, पण तुमचा सा गाणं संपेपर्यंत हलत नाही. इथे पहिल्याच भागात सा निघून पंचमावर जाऊन बसतो, पुढे आणखी भटकतो. तो हलला हे कळेपर्यंत चार मात्रा गेलेल्या असतात.

ऐरोलीकर, सुरुवातीबद्दल मान्य. पण तो पंचमावर जातो तिथे पान जी मेजरकडे झुकतं, आणि तिथे माझी युक्ती चालते.

कळव्याचा_बँडवाला
तीनदा ऐकलं की चौथ्यांदा हलायच्या आधीच कळतं. काकूंना चहा टाकायला लावण्यापेक्षा हे बरं.

वाशी_सेक्टर_१७
तिघेही एक गोष्ट विसरलात. ‘ए’च्या पानावरचा सगळ्यात खालचा ई ‘बी फ्लॅट’वर ई फ्लॅट होतो, आणि तो बहुतेक वाद्यांवर नसतोच. डोक्यात फिरवा, छापा, सा हलवा, नसलेला स्वर कुठून आणणार? सप्तक वर उचललं की ओळीचा तळच जातो. हे पंचक मोत्सार्टने ज्या श्टाडलर नावाच्या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलं त्याचं वाद्य तर आजच्या ‘ए’पेक्षाही खाली, सी पर्यंत उतरायचं.

‘ए’ क्लॅरिनेट महाग आहे, कबूल. पण माउथपीस दोन्हीला तेच चालतं. निदान महिनाभरासाठी कुणाचं तरी मागून आणा. सी मेजर सी मेजरसारखा वाजवून बघा, मग बोला.

ऐरोलीकर_रीड
मागायचं कुणाकडे? ठाण्यात ‘ए’ असलेले दोघे माहीत आहेत. दोघेही माउथपीससुद्धा देत नाहीत, वाद्य तर सोडाच.

फुंक्या, शनिवारी लार्घेटोचं छापील पान घेऊन येतो, करंगळ्यांच्या खुणांसकट. नको असेल तर उलटं ठेवा. मिनुएटच्या (तिसऱ्या भागाच्या) पहिल्या ट्रिओत, म्हणजे मधल्या तुकड्यात, क्लॅरिनेटला काहीच काम नाही, तेव्हा चोरून बघायला वेळ मिळेल.