माल्टा : व्हॅलेटा आणि पलीकडचं बिर्गू, अनुभव सांगा

मार्चअखेर आईबाबांना घेऊन माल्टाला जायचं ठरतंय. जे पत्रक बघावं त्यात तेच: राजधानी व्हॅलेटा अर्धा दिवस, ब्लू लगूनचं निळं पाणी अर्धा दिवस, आटपा. मला व्हॅलेटा आणि बिर्गू यांच्या मधल्या जुन्या बंदराविषयी, ग्रँड हार्बरविषयी, ऐकायचंय. तिथे राहिलेले, नोकरीला असलेले, बोटीवरून उतरलेले कुणी असाल तर लिहा. फोटो नकोत, ते पोत्याने सापडतात. आम्ही मासे खात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तारवटी

मी क्रूझ बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात होतो, मूळ वेंगुर्ल्याचा. ग्रँड हार्बरमध्ये बोट शिरते ती वेळ नेमकी नाश्त्याच्या गडबडीची, त्यामुळे पहिल्या खेपांना मला फक्त अंडी दिसली. मग एकदा पाळी बदलली आणि डेकवर गेलो. दोन्ही हातांना पिवळसर दगडाची तटबंदी, तीही थेट पाण्यातून उठलेली. एवढी मोठी बोट आत वळते कशी, हे मला आजही कळत नाही. उतरतो तिथे ओळीने जुनी गोदामं आहेत, अठराव्या शतकातली. बांधून घेणारा ग्रँडमास्टर पिंटो, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सचा प्रमुख, पोर्तुगीज. आमच्यात एक गोवेकर पिंटो होता, तो तिथे पोचलं की मालकासारखा चालायचा.

हातात चारच तास असले तर दुकानांच्या रस्त्यावर घालवू नका. 'डायसा' म्हणून रंगवलेल्या लाकडी होड्या असतात, पुढचं-मागचं टोक उंच. तीत बसून बिर्गूला जा. फेरीबोटही आहे, पण होडी पाण्याला लागून चालते, तट किती उंच ते तिथून कळतं.

इतिहासवेडा

तारवटींशी सहमत, आणि त्याला कारण आहे. आधी बिर्गू, मग व्हॅलेटा, हा क्रम लक्षात ठेवला की सगळं उलगडत जातं. ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे ख्रिस्ती योद्ध्यांचा संघ, १५३० मध्ये माल्टाला आले आणि बिर्गूत राहिले. समोरची टेकडी जवळपास मोकळीच, टोकाला फक्त सेंट एल्मोचा किल्ला. १५६५ च्या वेढ्यात तुर्कांनी महिनाभर झुंजून तो घेतला. टेकडीवरून तोफा थेट बिर्गूवर चालत होत्या. सप्टेंबरात वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, त्याच टेकडीवर नव्या शहराचा पाया घातला. पुन्हा कुणी तिथे तोफा चढवू नयेत म्हणून शहर! आखणी लापारेल्ली या इटालियन इंजिनिअरची, म्हणून रस्ते सरळसोट. बिर्गूच्या सेंट अँजेलो किल्ल्यावर उभं राहून पलीकडे बघा, पुस्तक वाचायची गरज नाही.

धाकटी सून

सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, म्हणून पायऱ्यांबद्दल मीच लिहिते. व्हॅलेटाचे रस्ते सरळ आहेत, सपाट नाहीत. बंदरावरून अपर बाराक्का बागेत जायला लिफ्ट आहे, ५८ मीटर वर नेते. गुडघे दुखणाऱ्यांनी तीच धरावी. दुपारी बारा आणि चार वाजता तोफ उडते. सासरे दोन्ही वेळा हजर.

सेंट जॉन को-कॅथेड्रलमध्ये टाचेच्या बारीक चपला चालत नाहीत. जमीन म्हणजे नाइट्सच्या संगमरवरी थडग्यांच्या फरशा, त्यांवर सांगाडे, कवट्या, ढाली. सासूबाई दारातच थबकल्या. "अगं, समाधीवर पाय कसा ठेवायचा?" कडेकडेने, भिंतीला धरून त्यांनी सगळं देऊळ (हो, देऊळच म्हणाल्या) पाहिलं. आतल्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ चं चित्र आहे, संत योहानाचा शिरच्छेद. मानेतून सांडलेल्या रक्तातच त्याने सही केली आहे. त्याने सही केलेलं हे एकच चित्र मानतात. तिथे मात्र त्या खूप वेळ बसल्या.

माजी फौजी

कुणी लिहिलं नाही म्हणून. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरण चिघळलं तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक सुवेझमार्गे माल्टाला आणले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी आणि बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) तुकड्याही होत्या. लढाई झालीच नाही, पुढे त्यांना सायप्रसला नेलं. खडकीच्या सॅपर्सचा अभिमान असणाऱ्यांनी बंदरात उभं राहिल्यावर हेही आठवावं.

ग्झिरावासी

मी इथे नोकरीला आहे, तेव्हा थोडं कडू. क्रेन, भाडी, खच्चून भरलेल्या बस हे पत्रकात नसतं. ब्लू लगूनला उन्हाळ्यात टॉवेल टाकायला जागा मिळत नाही. मी तर वगळाच म्हणेन. गाड्या डाव्या बाजूने आणि प्लग इंग्रजी तीन पिनांचे, एवढी ब्रिटिशांची सोय. नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं, मीठ काढलेलं. आईबाबांना बाटलीचंच द्या.

मासे नको असतील तर पास्तित्सी: पापुद्र्याची गरम पुरी, आत रिकोटा किंवा मटार. पापुद्र्यात चरबी असू शकते, विचारून घ्या. टोमॅटो चोळलेला पाव, तेल, केपर्स हे 'होब्झ बिझ-झेत' छान, पण त्यात ट्यूना घालतात, आधीच नको म्हणा.

हाल सफ्लिएनीचं भुयार, म्हणजे जमिनीखालचं प्रागैतिहासिक दफनस्थान, पाहायचं असेल तर आज, आत्ता तिकीट काढा. एका वेळी दहाच माणसं सोडतात, महिनाभर आधी जागा संपतात.

आणि मार्चअखेर येताय ना? ३१ मार्चला बंदरात होड्यांच्या शर्यती असतात (दुसरी ८ सप्टेंबरला). ब्रिटिश फौज १९७९ मध्ये त्या दिवशी गेली, म्हणून सुट्टीही. बिर्गू, बोर्मला, सेंग्लेआ अशा गावांचे संघ उतरतात आणि धक्क्यावर पोरंटोरं, आज्या सगळे घसा फोडून ओरडतात. मुक्काम बिर्गूत असेल तर निमूट बिर्गूच्याच बाजूने ओरडा.