मदत हवी आहे: गावच्या साहित्य संमेलनाला विकिपीडियावर स्वतंत्र पान मिळू शकेल का?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीला अख्खा गाव लोटतो. मराठी विकिपीडियावर यांची नीट नोंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

१९४६ च्या बेळगाव संमेलनावर लिहिणं सोपं आहे. माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. गावच्या संमेलनांचं तसं नाही. धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) कडोलीचा मसुदा केलाय, पण जवळपास सगळे संदर्भ स्मरणिकांचे, आणि त्या आयोजकांनीच काढलेल्या. उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे विषय स्वतंत्र पानाला पात्र ठरण्यासाठी, तर विषयाशी संबंध नसलेल्यांनी केलेलं सविस्तर लेखन लागतं. सीमाभाग आहे म्हणून सूट द्या, असं माझं म्हणणं नाही.

दैनिकांचे जुने अंक नेटवर नाहीत, ते संदर्भ म्हणून चालतील का? कन्नड पेपरातली बातमी? की सगळ्या गावांचं मिळून एकच पान करू?

उत्तर

ताई, छापील अंक चालतो. दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक तेवढा द्या. कन्नड बातमीही चालते, भाषेची अट नाही. मात्र बातमी कसली आहे ते बघा. 'रविवारी संमेलन' छापाच्या बातम्या बहुतेक आयोजकांच्या पत्रकावरूनच येतात, त्या मोजू नका. वार्ताहराने स्वतः हजर राहून भाषणांचा, चर्चेचा सविस्तर वृत्तांत दिला असेल, किंवा कुणी या परंपरेवर लेख लिहिला असेल, तर तो खरा आधार. स्मरणिका टाकून देऊ नका. कोणत्या वर्षी कोण अध्यक्ष, एवढ्या तपशिलाला ती पुरते.

एकत्र पानाची घाई नको. या संमेलनांचा एकत्रित विचार आधी कुणीतरी छापलेला हवा. आपणच धागे जुळवले तर ते आपलं संशोधन होतं, आणि विकिपीडियावर ते बसत नाही. सध्या कडोली गावाच्या पानात एक विभाग घाला. संदर्भ वाढले की वेगळं पान काढता येईल.

धागाकर्ती

पटलं. गावाच्या पानापासूनच सुरुवात करते. उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांचे वृत्तांत कुणाकडे असतील तर तारीख आणि पान क्रमांकासह इथे द्या. नुसतं कात्रण असेल तर कुठल्या दैनिकाचं तेही लिहा.