'नागपुरी' की 'नागपूरी'? आणि डब्यावरचे बाकीचे घोळ

बर्डीवाली: मिठाईच्या एका कंपनीत डब्यांवरचा मजकूर लिहिते. संत्रा बर्फीचा नवा डबा छपाईला जायचा आहे. डिझायनरने 'नागपूरी' लिहिलं, मी 'नागपुरी' केलं, साहेबांनी परत 'नागपूरी' केलं. म्हणे, शहराचा 'पू' दीर्घ तर याचा ऱ्हस्व काऊन? शिवाय 'संत्रा बर्फी' की 'संत्र्याची बर्फी', 'चाखून पहा' की 'पाहा'? एकदाच सगळे नियम लिहून भिंतीवर चिकटवते.

खिळेजुळारी: ताई, चिकटवायच्या आधी दोन ढीग करा. एक शुद्धलेखनाचा, एक तुमच्या घरच्या शैलीचा. लोक दोन्ही एकत्र कालवतात आणि मग प्रत्येक डब्यावर भांडण.

'नागपूरी' पहिल्या ढिगात. चूकच. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा, हा मराठी साहित्य महामंडळाचा शुद्धलेखनाचा नियम. म्हणून नागपूर, नागपूरचा, नागपूरला. पण त्या 'र'ला काना किंवा वेलांटी लागली की 'पू' आखडतो: नागपुरात, नागपुरी. गरीब-गरिबी, तसंच. साहेबांना कोल्हापुरी चपलेची आठवण द्या. (दुकानाची पाटी मात्र दाखवू नका, तीही चुकलेली असायची.)

'पहा-पाहा' दुसऱ्या ढिगात. नियमाने दोन्ही चालतात. म्हणजे बरोबर कोणतं हा प्रश्नच नाही, तुमचं कोणतं एवढाच आहे. मी 'पहा' घेईन, तोंडात तेच बसलंय. पण मग डबा, जाहिरात, ॲप, सगळीकडे 'पहा'.

इतवारीवाला: संत्र्याची बर्फी कोणी मागत नाही बाप्पा! गिऱ्हाईक म्हणते, "अर्धा किलो संत्रा बर्फी द्या." आम्हाला एका एजन्सीने 'संत्रे बर्फी' करून दिली होती, कारण कोशात 'संत्रे' नपुंसकलिंगी. कोशात असेल. लोक विचारत, हे काय नवीन काढलं? आंबावडी, आंबापोळी म्हणतोच ना, तिथे आंब्याचं कुठे काय होते? पेपरातही 'संत्रा उत्पादक' छापून येते.

खिळेजुळारी: मान्य. पदार्थाचं नाव 'संत्रा बर्फी'. वाक्यात मात्र 'संत्र्याच्या गरापासून', तिथे 'संत्राच्या' नको.

बर्डीवाली: आणि ब्रँडचं नाव? ते आकारान्त आहे, प्रत्यय लागताना बदलायचं का? साहेब म्हणतात, नावाला हात लावायचा नाही.

खिळेजुळारी: इथे साहेब बरोबर. वर्धा-वर्ध्याला होतं, पण टाटाचं 'टाट्याचा' कोणी करत नाही. नाव तसंच ठेवा, प्रत्यय जोडून लिहा, मध्ये रेघ नको. कानाला खटकलं तर पुढे एक नाम घाला. 'अमुकची चव' ऐवजी 'अमुक बर्फीची चव'. प्रत्यय बर्फीला लागला, नाव शाबूत.

आणि एक पाहून घ्या. डब्याच्या दुसऱ्या बाजूला हिंदी मजकूर असेल, तर तिथे 'नागपुर' ऱ्हस्वच बरोबर. डिझायनर तिथून उचलून इकडे डकवतो, मग कोणी अर्धवट दुरुस्त करतो. अक्षरवळणही तपासा. मराठीतल्या 'ल' आणि 'श'चं वळण शासनाने ठरवून दिलंय. हिंदी वळणाच्या फॉन्टात 'वेलची' लगेच परकी दिसते.

बर्डीवाली: काका, गरीब-गरिबी ऐकून साहेब गप्प झाले. आता विचारून राहिले, झाकणावर 'भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालेली बर्फी' टाकू का?

इतवारीवाला: मानांकन २०१४ साली नागपूर संत्र्याला मिळालं, बर्फीला नाही! 'मिळालेली'चं 'मिळालेल्या' करा: 'भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपूर संत्र्यांची बर्फी'. आणि फळं खरंच इथलीच घ्याल तर.